मास्तरांचं मधलं

आमच्या शहापुरातल्या गल्लीत परशराममास्तरांनी लाकडाच्या फळीचा कॉम्प्युटर केला आहे. फळीवर कागद चिकटवलेला, कागदावर चौकटी आणि चौकटींत अक्षरं. पडद्याच्या जागी काळी पट्टी रंगवली आहे आणि तिच्यावर धूळ बसली की मास्तर धोतराच्या सोग्यानं पुसतात. तार नाही, वीज नाही. त्यामुळे बिघडतही नाही, हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

मास्तरांचा टायपिंगचा क्लास होता. बेळगावातल्या निम्म्या कचेऱ्यांत त्यांचे विद्यार्थी बसलेत, त्यांतला एक मी. आमच्या हातांवर टॉवेल टाकायचे, म्हणजे अक्षरं बघायची सोयच नाही. मग आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि कुणाचं कुठलं बोट चुकलं ते आवाजावरून सांगायचे. आता ते कान गेले. टाइपरायटर आणि गल्लीतले माग, दोघांनी मिळून खाल्ले.

क्लास बंद झाला आणि मास्तरांच्या डोक्यात ‘मधलं’ शिरलं. मधलं म्हणजे फोन आणि लॅपटॉप यांच्या मधलं यंत्र.

“फोनवर एक बोट ठिवलं की तीन अक्षरं दाबत्यात,” ते सांगतात. “आणि लॅपटॉप म्हंजे मांडीवर पाटा ठिवल्यागत. माणसाला पायजे मधलं. हलकं, बटनांचं, आणि सायकलीच्या किमतीत.”

मीच एकदा त्यांना खडेबाजारातल्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं टॅब काढून दिला. मास्तरांनी तो उलटा-सुलटा करून बघितला.

“बटनं कुठं हाईत?”

“बटनं वेगळी घ्यायची आणि जोडायची, काका.”

“म्हंजे गाडी हितनं घ्यायची आणि चाकं दुसरीकडनं?”

मग पिशवीतून फळी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “असलं करून द्या.” दुकानदारानं माझ्याकडे असं काही बघितलं की मी पंख्यांच्या किमती वाचायला लागलो.

मापासाठी त्यांनी मला निपाणीलाही नेलं. ती त्यांची सासुरवाडी. तिथं बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळतात. मास्तर सुताराची पट्टी घेऊन घरोघरची सुपं मोजत फिरले. “मांडीला काय पेलतं ते ह्यास्नी इचारायचं. कंपन्या इचारत न्हाईत, म्हणून फसत्यात.” बायका हसून बेजार. मास्तरांची मेहुणी तेवढी हसली नाही. तिची थोरली बहीण, म्हणजे मास्तरांची बायको इंदूआक्का, जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मेहुणी हळूच म्हणाली, “भावजी, आता कुणासाठी हो?” मास्तरांना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी पुढचं सूप उचललं.

फळी ते वेताच्या एका खुर्चीत ठेवतात आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसतात, तळवा खुर्चीच्या हातावर टेकून. ऊन आलं की खुर्ची सावलीत सरकवतात. मी थट्टा करायचो, “मास्तर, राहू द्या की उन्हात, चार्जिंग होईल.” ते हसायचे.

कागद मात्र सारखा बदलावा लागतो, कारण अक्षरं झिजतात. मास्तरांनी फळीवरच्या अक्षरांना बोट लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. त्यानंतर मी बरेच दिवस लांबच्या बोळातून घरी जात होतो.

यंदा खंडेनवमीला मात्र जावंच लागलं. त्या दिवशी आमच्याकडे माग पुजतात आणि बंद ठेवतात. वर्षभराची खडखड थांबते आणि गल्ली परक्या गावासारखी वाटते. मास्तरांनी फळी पुजली होती. वर हळदकुंकू, भोवती झेंडू. भर दुपारी ते माझ्यापुढं दोन्ही हातांत पेढ्यांचं ताट धरून उभे होते आणि फळीवरून टकटक येत होती.

पाल असेल म्हणून मी वर बघितलं. पाल नव्हती.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि खुर्चीच्या हाताला तळवा लावला.

“करत्या न्हवं? आज हत्याराला सुट्टी, किती सांगितलं. ऐकत न्हाई.” मग माझा दंड धरून म्हणाले, “तुला ऐकू आलं. व्हय रं?”

मी मान हलवली.

“रोज करत्या. मागाच्या आवाजात कुणाला कळत न्हाई. मला हाताला नुसतं लागतं, अक्षर समजत न्हाई. इंदूची लकव्यानं वाचा गेली तवा केलती ही फळी. एकेक अक्षर दाबून सांगायची. काय तरी सांगायचं ऱ्हायलंय तिचं. फळीचं माप चुकतंय का म्हणून बदलून बघतोय.” “तू माझा इद्यार्थी. पाठ कर आणि सांग, काय लिवत्या.”

खरं सांगतो, पळावंसं वाटत होतं. पण मास्तरांनी पाठ कर म्हटलं आणि माझी पाठ वळली.

करंगळीचा ठोका कायम हलका पडतो. तो पडला. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं, मग अंगठ्याजवळचं. परत करंगळी. सगळे ठोके फळीच्या डाव्या अंगाला. कितीतरी वेळ ऐकलं, पण शब्द होईना. पहिल्या दिवशी मास्तर ज्याला-त्याला देत तोच हा धडा.

“शब्द न्हाई, मास्तर,” मी मोठ्यानं सांगितलं. “सराव चाललाय. पहिला धडा. डाव्या हाताचा.”

मास्तरांचा हिरमोड झाला असं वाटून मला फार वाईट वाटलं.

“डाव्या?” त्यांनी विचारलं.

“नुसत्या डाव्या.”

ते खुर्चीपुढं उकिडवे बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“लकव्यात डावाच गेलता तिचा,” ते म्हणाले. “चालाय लागला म्हन की.”

आणि खुर्चीकडे बघून, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “सावकाश. घाई न्हाई. चुकलं तर पहिल्यापास्नं.”