एक थेंब चालते

सौंसरच्या हिरामण मिस्त्रीला 'जमत नाही' म्हणता येत नसे, हीच त्याची खोड. त्यामुळं कपाशीवर औषध मारणारं विमान फटफट करत बोरगावच्या पडीक वावरात उतरलं, तेव्हा लोकांनी त्यालाच पुढं केलं.

"आमचा मेकॅनिक काविळीनं झोपलाय," नागपूरचे पायलट भगवंतराव म्हणाले. "तुम्हाला जमेल?"

"काहून नाही जमन? बगीच्यातलं पंपाचं इंजिन अन् हे, सारखंच असते."

हिरामणनं सिलिंडर उतरवला. धूर सोडणारा वॉल्व वेळेवर बंद होत होता, पण आपल्या बैठकीवर नीट टेकत नव्हता. त्यानं घासायची पेस्ट लावून तो घासला आणि गळती पाहायला वरून रॉकेल ओतलं. आतल्या बाजूनं टपकन एक थेंब पडला.

"झालं! एक थेंब चालते."

"चालतं ना? मग छान," भगवंतराव शांतपणे म्हणाले. "आमच्यात रिवाज आहे. ज्यानं इंजिन उघडलं, त्यानं पहिल्या फेरीला मागच्या सीटवर बसायचं."

हिरामण तर जत्रेतल्या पाळण्यातही बसला नव्हता! पण अर्धा तालुका बघायला जमलेला. आता माघार घेतली तर सौंसरात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"तसं... आणखी एक हात मारून पाहतो," तो म्हणाला.

तीन तास घासला. रॉकेलचा थेंब काही पडेना, तरी घासतच होता. एरवी वॉल्वची फट तो पोस्टकार्ड घालून मोजायचा. आज भगवंतरावांची फट मोजायची पातळ पट्टी मागून चारदा मोजली.

तेवढ्यात त्याची बायको शकुंतला डबा घेऊन आली. "भेऊन राहिले काय?"

"छ्या! मी कायले भेतो?"

"मंग जा. पन ते घड्याळ काढून द्या इकडं."

विमान उडालं. हिरामणनं डोळे गच्च मिटले आणि मोहगावला वळसा घालून परत येईपर्यंत फक्त इंजिनाचा आवाज ऐकला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. खाली उतरताच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. कुणीतरी हार घातला. हिरामणची छाती फुगली.

गर्दी सारत पुंडलिकराव पुढं आले. त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यातलं इंजिन दहा वर्षं हिरामणच्याच हाताखाली होतं आणि दर दोन महिन्यांनी बंद पडायचं.

"हिरामण, खरं सांगजो. माह्या इंजिनात तू किती थेंब सोडले?"

हिरामण हार काढून खांद्यावरून उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं अकरा बैलगाड्या उभ्या होत्या. प्रत्येक गाडीत एक इंजिन आणि शेजारी रॉकेलची बाटली घेऊन बसलेला मालक.