राजनंदिनीची चढाई आणि आबांचा दम

या, असे पुढं सरकून बसा, मायबाप. टाळ जरा मांडीवर ठेवा. कवठे येमाईच्या एका पोरीची गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका, देवालाही हसरी माणसं आवडतात.

राजनंदिनी फुटबॉल खेळायची. पायात अशी ताकद, की चेंडू मैदानापेक्षा शेजारच्या उसातच जास्त सापडायचा. पण कॉलेजच्या संघातल्या पोरींची एकामागून एक लग्नं ठरत गेली आणि अकराच्या सातच उरल्या. खेळ शिकवणाऱ्या प्राची मॅडम म्हणाल्या, "सात हायेत ना? मग कबड्डी!" झालं, फुटबॉल सुटला.

पाय होते, पण दम नव्हता. चार पावलांत तिचं 'कबड्डी' बसायचं. तिचे आजोबा भिमाजी आबा चाळीस वर्षं कीर्तनात टाळकरी. ते म्हणाले, "दम म्हंजी नामाचं काम हाय, पोरी. एका श्वासात विठ्ठल विठ्ठल म्हण. बघ कसा लांबतोय." महिन्याभरात पोरगी एका दमात देवळाला प्रदक्षिणा घालू लागली.

मग शिरूरची मॅच. राजनंदिनी चढाईला गेली ती "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल" म्हणतच. समोरच्या पोरी पकड करायची विसरल्या. एकीनं तर हात जोडले. पंचांनी शिट्टी फुंकली.

"ओ ताई, कबड्डी म्हणा! गुण तिकडं!"

पुढच्या चढाईला पुन्हा तेच. मॅच दोन गुणांनी गेली.

"आबा," प्राची मॅडम कळवळून म्हणाल्या, "आठ दिवसांनी यवतला जिल्ह्याची निवड हाय. तिथं असं झालं तर पोरगी घरी बसंल. मग सगळे तिच्या लग्नाचंच बघतील."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. जन्मभर लोकांना नाम घ्या म्हणून सांगितलं, आता नातीला नको म्हणायचं! पण बसले. सकाळ-संध्याकाळ आजोबा-नात समोरासमोर, "कबड्डी कबड्डी कबड्डी…" गोठ्यातली म्हैस दूध चोरायला लागली.

सातव्या दिवशी गावात कीर्तन. बुवा रंगात आले, गजर सुरू झाला आणि आबांनी वरच्या सुरात उचललं, "कबड्डी! कबड्डी!" मागचे टाळकरी आबांच्या तोंडाकडं बघून म्हणणारे, त्यांनीही तीनदा म्हटलं. मृदंग थांबला.

"भिमाजी," बुवांनी विचारलं, "कुणाला बाद करताय?"

मंडप हसून लोळला. आबांनी कान धरले. "माफी असावी महाराज. उद्या पोरीचं यवत हाय."

"व्हय का? मग म्हणा आणखी एकदा. आमच्याकडनंबी!"

यवतला शेवटची चढाई, गुण बरोबरीत. राजनंदिनी घुसली. "कबड्डी कबड्डी…" अगदी स्वच्छ! एकीला शिवून वळली, तोच चौघींनी कमरेला मिठी मारली. ती आडवी पडली, पण तो फुटबॉलचा पाय! ताणून ताणून अंगठा मध्यरेषेला टेकवलाच. शिट्टी झाली, आणि थोड्या वेळानं जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव पुकारलं.

ती धुळीनं माखलेली आबांकडं धावली. आबा रुमालानं तोंड झाकून मटकन खाली बसलेले, चेहरा जांभळा. चढाईला तिच्यासोबत त्यांनीही दम धरला होता, तो अजून सोडलाच नव्हता की काय, असं वाटावं.

"आबा, सोडा दम! झाली चढाई! निवड झाली!"

आबांनी भस्सकन श्वास सोडला. "ते ऱ्हाऊ दे. पाय दुखला का गं?"

तर मायबाप, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा भिमाजी आबांची आठवण काढा. पोरीला आता राज्याच्या निवडीला जायचंय, ती म्हणते, आबा सोबत पाहिजेतच. एक चढाई तीस सेकंदांची असते, आणि आबांचं वय बहात्तर आहे.