काकू आजारी दिसेनात

काकू दवाखान्यात निघाल्या त्या लग्नाला निघाल्यासारख्या. नवा विग, लिपस्टिक, वरून पावडरचा हात. कॅन्सर झाला म्हणून रडकं तोंड घेऊन हिंडणार नाही, असं त्यांनी काकांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दवाखाना घराजवळचाच, छोटा. औषधाचा खर्च सरकारी विम्यातून. नियम असा, की बेडवर सलाईन लावलेल्या पेशंटचा फोटो विमा ऑफिसला पाठवायचा आणि तिकडून होकार आला की मगच औषध सोडायचं. सिस्टरने काकूंना बेडवर झोपवून सलाईन लावलं, काउंटरवाल्याने मोबाईलवर फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, नामंजूर. खाली शेरा: पेशंट आजारी वाटत नाही.

"म्हणजे? नीटनेटकं राहणं गुन्हा आहे का?" काकू खवळल्या.

"काकू, ऑफिस बंद व्हायच्या आत होकार नाही आला तर आजचा डोस गेला," सिस्टर म्हणाली.

काकांनी स्वतःच्या रुमालाने बायकोची लिपस्टिक पुसली. "अगं, जरा कण्ह ना."

"जन्मात कधी कण्हलेय का मी?" तरी काकूंनी कण्हून दाखवलं. ते इतकं नाटकी झालं, की शेजारच्या बेडवरचे आजोबा सलाईनसकट गदगदा हसायला लागले. ते बघून काकूही हसल्या. नेमका तोच फोटो गेला. नामंजूर.

"विग काढा," काउंटरवाला म्हणाला.

"आधी तुझी पँट काढ!"

"काहीतरी दुःखाचं आठव गं," काका काकुळतीला आले.

काकूंनी डोळे मिटले. "आठवते. आपलं लग्न." आणि स्वतःच खुदकन हसल्या. तोही फोटो गेला. तोही नामंजूर.

काकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यात हा घोर. येरझाऱ्या घालता घालता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते धाडकन आडवे झाले.

"अहो!" काकू ताडकन उठून बसल्या. विग एका कानावर, तोंड पांढरंफटक, ओठ थरथरतायत. दचकून काउंटरवाल्याचं बोट मोबाईलवर पडलं. फोटो निघाला आणि तसाच गेला.

काकू सलाईनसकट खाली उतरल्या, खुर्चीत बसल्या, आणि सिस्टर व काउंटरवाल्याने काकांना उचलून काकूंच्या बेडवर घातलं. सिस्टर तोंडावर पाणी मारतेय, तोवर मोबाईल वाजला. मंजूर! शेरा: पेशंटची अवस्था नाजूक, उपचारांत दिरंगाई नको.

काकांनी डोळे किलकिले केले. "झालं का गं?"

"झालं," काकू नाक ओढत म्हणाल्या. "उठा आता. पेशंट मी आहे."