पिशवीची तालीम

आधीच सांगून ठेवतो, तालमीच्या बाबतीत मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! आमच्या कचेरीत आग लागली तर काय करायचं, याची तालीम मी घेतो. माझी शिट्टी वाजली की अख्खी इमारत रिकामी होते. लोक हातात चहाचे कप घेऊन, हसत-खिदळत जिना उतरतात. भीती म्हणून कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. (खरी आग अजून एकदाही लागलेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो.)

तेव्हा परत्याची भीती घालवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं.

परत्या म्हणजे आमचा कुत्रा. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेला. आधी दोन घरांनी त्याला नेलं आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडलं, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं. बायकोला ते मुळीच आवडलं नाही. तिने चांगली भारदस्त नावं शोधली, पण हा पठ्ठ्या दुसऱ्या कशालाही कान हलवेना! दोन्ही वेळा त्याचं पांघरूण नि भांडं पिशवीत भरून त्याची पाठवणी झाली होती. त्यामुळे घरात पिशवी निघाली की हा एवढा थोरला कुत्रा पलंगाखाली शिरून थरथरायचा. भाजीची पिशवीसुद्धा आम्ही चोरून आत आणायचो.

अशात लेकीला मुलगी झाली. लेक दुसऱ्या शहरात आणि तिच्या इमारतीत कुत्र्यांना मज्जाव. म्हणजे परत्याला कुत्र्यांच्या हॉस्टेलात ठेवणं आलं.

"आधी तासभर ठेवून जा," हॉस्टेलवाल्या बाई म्हणाल्या. "मग अर्धा दिवस. तुम्ही न्यायला येता, हे त्याला कळू दे."

"तासभर? एकटा? हा?" मी जोरात मान हलवली. "त्यापेक्षा मी घरी तालीम घेतो!"

बाईंनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं.

तालीम अशी. मी शिट्टी वाजवायची, पिशवी काढायची आणि तिच्यात माझं न धुतलेलं बनियन टाकायचं. अंगाचा वास असलेला कपडा सोबत द्या, असं बाईच म्हणाल्या होत्या. मग पिशवी आणि परत्या यांना घेऊन इमारतीला एक फेरी, की लगेच घर आणि बिस्कीट! सकाळ-संध्याकाळ हाच कार्यक्रम. सुरुवातीला मीच पलंगाखाली शिरून शिट्टी वाजवत होतो आणि बायको कपाळाला हात लावून पलंगावर बसलेली असायची. खालच्या मजल्यावरचे काका तर आग लागली समजून बादली घेऊन धावत आले! पण हळूहळू परत्या बाहेर यायला लागला. आणि एके दिवशी बनियन त्यानेच तोंडात धरून आणलं आणि पिशवीत टाकलं! मी आनंदाने अशी शिट्टी फुंकली की काका पुन्हा वर आले.

त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या होत्या. त्या गेल्या आणि संध्याकाळी त्यांचा फोन.

"जावईबापू, तुमचं मळकं बनियन माझ्या पिशवीत कसं?"

"बनियन?"

"तिथे धुणं होत नसेल तर तोंडाने सांगावं माणसाने. असं गुपचूप काय पाठवायचं?"

"अहो आई, ते परत्याने..."

"आता त्या मुक्या जनावरावर ढकला!"

"बंद करा ही तालीम," बायको म्हणाली. "दिसेल त्या पिशवीत बनियन कोंबतोय तो."

"म्हणजेच शिकलाय!" मी छाती फुगवून म्हणालो.

हॉस्टेलात जायच्या दिवशी परत्याने स्वतःची पिशवी स्वतः भरली आणि ताठ मानेने आत शिरला. मी बाईंकडे विजयी नजर टाकून बाहेर पडलो. मागे वळून बघू नका, असं त्यांनी बजावलं होतं. मी बघितलं. परत्या फाटकाच्या गजांत नाक घालून बसला होता आणि त्याचं शेपूट हलत होतं. फेरी झाली, आता घर, आता बिस्कीट! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला निघायला शिकवलं होतं. मागे राहायला शिकवलंच नव्हतं!

लेकीकडे मला नात दिसेचना, नुसतं फाटक दिसायचं. बाई फोनवर फोटो पाठवत. प्रत्येक फोटोत परत्या फाटकाशी आणि मागे भरलेलं भांडं.

"बाबा, बघा, हसली!"

"जेवला नाही गं," मी म्हणालो.

"नातीकडे बघा जरा!" बायको कडाडली.

बघणार कसा? तिसऱ्या घरानेही परत केलं, असंच त्याला वाटत असणार. आणि ते तिसरं घर म्हणजे मी! शेवटी बायकोला तिथेच ठेवलं, कपडे भरले आणि एकटाच बसने निघालो. स्टँडवरून घरीसुद्धा न जाता थेट हॉस्टेल गाठलं.

"परत्या!"

तो ताडकन उठला. शेपूट एकदा हललं. मग त्याची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली आणि शेपूट खाली आलं. मी पिशवी जमिनीवर टाकून हात पसरले. तो वळून आत गेला. इतके दिवस उशाला घेतलेलं माझं बनियन घेऊन आला, माझ्या पिशवीत टाकलं, नाकाने नीट आत दाबलं आणि बाईंच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"हे काय?" मी बाईंना विचारलं.

"पिशवी घेऊन आलात ना," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही निघालात असं वाटलं त्याला. तुमची वस्तू तुम्हाला देऊन टाकली."

मी त्या ओल्या फरशीवर बसकण मारली आणि रडलो. लपवून काय करू, हुंदके देऊन रडलो! बाईंनी माझी पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर भिरकावली. बऱ्याच वेळाने माझ्या मानेला एक थंडगार नाक लागलं.

शिट्टी आता कचेरीतच असते. परत्या बाईंच्या पद्धतीने हॉस्टेलात जाऊन येतो, आधी तासभर, मग अर्धा दिवस. आनंदाने जातो असं नाही म्हणणार, पण जेवतो आणि फाटकाकडे पाठ करून झोपतो.

एक खोड मात्र राहिलीय. घरात कुणाचाही आवाज चढला की तो माझं बनियन मिळेल त्या पिशवीत भरून ती दाराशी ओढत नेतो. भांडण कुणाचंही असो, बनियन माझंच! परवा बायको आणि सासूबाई यांची आपापसांत जुंपली. मी मुकाट्याने दाढी करत होतो. तरी पिशवी दाराशी! दोघींनी ती बघितली आणि भांडण जागच्या जागी मिटलं. या घरातून कुणाला परत करायचंच झालं तर कुणाला, यावर परत्या, बायको आणि सासूबाई यांचं आता एकमत आहे.

सासूबाईंची अट एवढीच, की पाठवताना बनियन धुऊन पाठवा.