सूज विचारणारे तात्या

आमच्या शेजारच्या तात्यांकडे मुलगी बघायला पाहुणे आले की चहाच्या आधी तात्या एकच प्रश्न टाकतात, "तुमच्यात सांधे कुनाचे सुजत्यात? आन म्हैना-म्हैना गप बसनारं कुनी हाय का?" पाहुणे एकमेकांकडे बघतात, पोहे बशीत राहतात. आजवर तीन स्थळं अशी उठून गेली. आणि मी मेली, शाळा सांभाळून दर वेळी पोहे करायला!

तात्यांनी तीस वर्षं नेवासा तालुक्यात गायी भरवायचं, म्हणजे चांगला वळू बघून त्या गाभण करायचं काम केलं. कुठल्या वळूची कुठली कालवड, तिच्या आईची कास सुजायची का, सगळं तोंडपाठ. एकच खोट दोन्हीकडून येऊ द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. "वळू बघावा, वळूची आई बघावी," हे पालुपद.

"तात्या, मी काय कालवड आहे का?" वैशाली ओरडते. आईविना वाढलेली एकुलती एक पोर, नगरला बँकेत नोकरी करते. तात्या ढिम्म.

हे खूळ आलं नगरच्या डॉक्टरांकडून. दिवाळीनंतर सकाळी उठलं की वैशालीची बोटं सुजलेली असायची, मूठ वळायची नाही, म्हणून तात्या तिला घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "शरीरातली सूज कमी-जास्त करणारी जनुकं प्रत्येकात थोडी वेगळी असतात. काहींमुळे उदासीच्या आजाराचा धोका जरासा वाढत असावा, असं संशोधक म्हणतात. पण तो होईलच असं मुळीच नाही." त्यातलं "मुळीच नाही" तात्यांनी दवाखान्यातच सोडलं आणि बाकीचं घरी आणलं.

तेव्हापासून माणूस नुसता भ्यालेला. पोर मोबाईल बघत जरा गप्प बसली की, "बोल की गं कायतरी!" एका रविवारी ती नऊपर्यंत झोपली, तर तात्या पांढरेफटक होऊन माझ्या दारात. "बाई, पोर उठंना!" मी धावत गेले, तर बाईसाहेब मस्त घोरत होत्या. मला हसू फुटलं. पण तात्या चौकट धरून उभेच होते, तेव्हा मीच त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं.

"अक्काचीबी बोटं सुजायची," तात्या म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. "मग बोलायचीच बंद झाली. सासरचे कामचुकार म्हनायचे. म्हायेरी आल्ती, तर मीच परत सोडून आलो. आठ दिवसांत गेली."

कशाने गेली ते त्यांनी सांगितलं नाही.

परवा राहुरीचं स्थळ आलं. तात्यांनी प्रश्न टाकला, मी कपाळावर हात मारला. पण मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "मलाच हाय की. बोटं सुजत्यात. मागं चार म्हैने कुनाशी बोललो न्हाई. आता गोळ्या चालू हायेत."

झालं! एकच खोट दोन्हीकडून. आता तात्या उठून हात जोडणार आणि पाहुण्यांना वाटेला लावणार, असं मी धरूनच चालले.

तात्या उठले नाहीत. मुलाच्या आईकडे वळून हळूच म्हणाले, "मग तुमी काय केलं?"

"आधी लई बोलले त्यांना. नको ते बोलले," त्या म्हणाल्या. "मग डॉक्टरकडं नेलं. मी रोज त्यांच्या शेजारी बसायचे, ते बोलोत न बोलोत."

तात्यांचे डोळे भरून आले. "ताई, माझ्या पोरीचीबी बोटं सुजत्यात. आजवर समद्यांना विचारत आलो, आमचं कुनाला सांगितलं न्हाई. लई भ्या वाटतं वो. उद्या ती गप झाली आन तिला कुनी कामचुकार म्हनलं तर?"

चहाचा ट्रे घेऊन वैशाली दारातच थबकली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मुलाची आई उठली. तिने ट्रे काढून माझ्याकडे दिला, वैशालीला शेजारी बसवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"आज सकाळी मूठ वळली का गं?"