अर्जेंटिना मुक्कामी

सकाळी दात घासायच्या आधी वामनराव ठोसर अर्जेंटिनाच्या गाड्या सोडायचे. म्हणजे वहीत हो.

आमच्या शेजारच्या या माणसाचा जन्म पनवेलच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलरकीत गेला. रिटायर झाल्यावर अर्जेंटिना बघायचा त्यांनी ध्यास घेतला. फंडाचे पैसे राखून ठेवले, नकाशा आणला आणि त्या देशाचं वेळापत्रक स्वतःच आखलं. अँडीज म्हणजे घाट. खाली रेडिएटरला पाणी, वर दहा मिनिटं चहा. वाळवंटात विनाथांबा. दक्षिणेला बर्फ, तिकडे मुक्कामी गाडी.

"त्या ड्रायव्हरला घोंगडी कोण देणार?" मी विचारलं.

"देतील की! माणसंच राहतात ना तिथे?" ते चिडलेच.

तिकडे जूनमध्ये थंडी पडते, हे काही त्यांना पटेना. "वरून चूक झालीय," म्हणायचे, "आता कोण दुरुस्त करणार?" तरी बॅगेत मफलर आणि छत्री दोन्ही भरलेली. मेतकूट आमच्या हिच्याकडून.

अशी तीन वर्षं गेली. पासपोर्टचा फॉर्म काही जाईना. एकदा चहाच्या टपरीवर चारचौघांत मी म्हणालो, "काय वामनराव, तुमची गाडी डेपोतून हलतच नाही!" सगळे हसले. वामनराव अर्धा चहा ठेवून निघून गेले.

माझी जीभच मेली वाईट. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. फॉर्म टेबलावरच होता, मोत्यासारख्या अक्षरात भरलेला. एकच जागा कोरी. अपघात झाल्यास कोणाला कळवावे?

"लग्न केलं नाही. बहीण होती, ती गेली," वामनराव म्हणाले. "तुम्हाला विचारणार होतो. पण म्हटलं, उगाच कशाला डोक्याला ताप."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं हा माणूस भिंतीपलीकडे राहत होता आणि मी घोंगडीवरून विनोद करत होतो! खिशातलं बॉलपेन काढून मी माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढे 'नातं' होतं. तिथे थांबलो.

"ते नाही लिहिलं तरी चालतं," वामनराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी चौकशी केलीय."

मी 'भाऊ' लिहिलं.

वामनरावांनी फॉर्म जवळ ओढला आणि त्या अक्षरांवर कितीतरी वेळ फुंकर घालत बसले. बॉलपेनचं अक्षर ते, वाळायचं काहीच नव्हतं.