कंपनीला वडील नसतात

दाजी राऊतांच्या ओटीवर पाय ठेवणाऱ्याला पाण्याआधी एक प्रश्न मिळायचा, "माणूस की कंपनी?" न्हावी आला तरी हेच, कोळीण टोपली घेऊन आली तरी हेच. एकदा त्यांच्या पुतणीला बघायला मुलाचे काका आले, त्यांनाही दाजींनी असंच विचारलं. काका पान न खाताच उठले आणि सोयरीक तिथंच बारगळली. घरातल्या बायकांनी दाजींशी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला. सारं रेवदंडा त्यांना हसायचं आणि त्या हसण्यात मी काही मागे नव्हतो.

दाजींची सुपारीची वखार माझ्या घराला लागून होती. धंदा बेताचाच, पण सरकारची धास्ती मात्र मोठ्या पेढीवाल्यालाही लाजवील अशी. एकोणीसशे तीसचं दशक नुकतंच लागलं होतं. अलिबागेहून इन्कमटॅक्सची नोटीस आली, की वर्षभरात कंत्राटाचे पैसे ज्याला दिले असतील त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण कळवावं. दाजींची झोप उडाली. त्यांनी गुरवापासून वखार झाडणाऱ्या म्हातारीपर्यंत अख्खा गाव कळवून टाकला. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मी. कारकुनानं कागद परत पाठवला आणि फक्त कंत्राटदार लिहा म्हणून तंबी दिली.

कंत्राटदार एकच होते, अब्दुल लतीफ तांडेल. दाजींची सुपारी त्यांच्या मचव्यातून मुंबईला जायची. लहानपणी दोघं खाडीत एकत्र डुंबलेले. पण मोठेपणी कामाशिवाय एकमेकांच्या दारात जायचं नाही, हा दोघांचाही खाक्या. लतीफभाईंचा मोहल्ला बंदराशी, वखारीपासून हाकेच्या अंतरावर, तरी मालाचं गडीच बघायचे आणि वर्षं वर्षं गाठ पडायची नाही. त्या दरसालच्या नोटिशीनं त्यांना काम दिलं.

दर वैशाखात, मचवे पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढायच्या आधी, दाजी गडी पाठवून निरोप धाडायचे, की सरकारी कामासाठी हजर व्हावं. लतीफभाई शेरवानी चढवून यायचे. त्या उकाड्यात शेरवानी! दाजी शहाळं फोडून त्यांच्या हातात द्यायचे आणि चष्मा लावून, जन्मात कधी न पाहिल्यासारखं विचारायचे, "नाव?"

"अब्दुल लतीफ. म्हाईत नाय काय तुला?"

"सरकारला माहीत नाही. वडिलांचं नाव?"

इथं खरी मजा सुरू व्हायची. कासिम तांडेल एवढं नाव सांगून लतीफभाई कधी थांबलेच नाहीत. कासिम तांडेलांनी तुफानात शीड कसं उतरवलं, कुठल्या गोऱ्या साहेबाला मचव्यातून उतरवून दिलं, लेकाच्या खतन्याला काय काय रांधलं, सगळं निघायचं. मी टाक धरून ताटकळत बसलेला. दाजी मध्येच म्हणायचे, "हे सगळं लिहू नकोस हो." आणि पुन्हा त्यांच्याकडे वळून, "हं, मग पुढे?" "राहणार" विचारेपर्यंत ऊन कलायचं.

मग लतीफभाईंच्या मुंबईच्या भाच्यानं डाव मोडला. त्यानं मामाचे मचवे एकत्र करून कंपनी काढली, लिमिटेड म्हणे. बंदरावर पत्र्याची पाटी लागली. दाजी घाबरेघुबरे होऊन मला घेऊन अलिबागेला गेले. कारकून म्हणाला, "कंपनी आहे ना? मग तुम्ही काही कळवू नका. तिचं ती बघून घेईल."

"पण वडिलांचं नाव?"

"कंपनीला वडील नसतात, राऊत."

दाजींनी त्याला खूप गळ घातली. निदान एक नोटीस तरी काढा म्हणाले, हवा तर दंड लावा म्हणाले. स्वतःहून दंड मागणारा व्यापारी कारकुनानं कधी पाहिला नसावा. त्यानं मला डोळ्यानं विचारलं, डोकं ठीक आहे ना यांचं?

त्यानंतरच तो प्रश्न सुरू झाला, माणूस की कंपनी. वैशाख आला की दाजी शहाळी उतरवून घ्यायचे आणि ती ओटीवर पडून राहायची. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, बोलवा की सरळ. तर म्हणाले, "कारण काय सांगू?" दोन म्हातारी माणसं, मध्ये दोन गल्ल्या, आणि यांना कारण हवं! माझं डोकं फिरायचं.

असे काही वैशाख गेले. मग एका सकाळी मोहल्ल्यातून सांगावा आला, की लतीफभाई गेले. दाजी उठले आणि चपला न घालताच चालू लागले. मी मागे धावलो. दफन आटोपल्यावर लतीफभाईंचा थोरला, युसुफ, आम्हाला ओसरीवर बसवून म्हणाला, "दाजीचाचा, अब्बा दर वैशाखात शेरवानी उन्हात टाकायचे. म्हनायचे, दाजीचा मानूस येल. आम्ही सांगितलं, आता कंपनी हाय, गरज न्हाय. तरी टाकायचेच."

मला वाटलं, आता दाजी रडणार. पण त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर नीट बसवला आणि युसुफकडे पाहून विचारलं, "नाव?"

युसुफ गोंधळला. "युसुफ."

"वडिलांचं नाव?"

"अब्दुल लतीफ," तो म्हणाला.

दाजी त्याच्या जवळ सरकून बसले. "हं," ते म्हणाले, "मग पुढे?"